फिंतासच्या खोऱ्यातले काका

पुस्तकं वाचून बिघडलेली माणसं मी पुष्कळ पाहिली, पण कुवेतमधल्या फिंतासच्या आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावर राहणाऱ्या काकांइतकं शिस्तीत बिघडलेलं कुणी पाहिलं नाही. मूळचे नाशिकचे, इथे तेलकंपनीत इंजिनिअर. कधीतरी त्यांच्या हाती काही अमेरिकन निसर्गलेखक लागले. माणूस देशाचा नसतो, ज्या खोऱ्यातलं पाणी पितो त्या खोऱ्याचा असतो. तिथलंच खावं, तिथल्या झाडापाखरांना शेजारी मानावं, असा त्या मंडळींचा विचार. विचार चांगलाच आहे, पण ती मंडळी नदीकाठी राहणारी. कुवेतला नदीच नाही. समुद्राच्या पाण्यातलं मीठ काढतात आणि तेच आमच्या नळाला येतं. काकांचं त्यावाचून काही अडलं नाही. आल्यागेल्याला ते दारातच विचारत, "तुमच्या नळाला पाणी कुठून येतं?" मुलांनो, तुमचा मामा एकदा "टाकीतून" म्हणाला, तर आखाती प्रवाहांवर व्याख्यान ऐकता ऐकता त्याचा चहा गार झाला.

मग त्यांनी फक्त इथे पिकलेलं खायचं ठरवलं. म्हणजे खजूर आणि वफ्राच्या शेतातली काकडी. गणपतीला नारळ परका ठरून मोदकात खजूर गेला. तांदूळही परकाच, पण काकूंनी डोळे वटारल्यावर त्याला तात्पुरता परवाना मिळाला. काकू वाळत गेल्या, काका तेजस्वी होत गेले. शेवटी खालच्या मजल्यावरच्या रत्नागिरीच्या खैरूनभाभी जुबैदीचं, म्हणजे आपल्या पापलेटाचं, कालवण घेऊन वर आल्या. मीही तिथेच होते.

"भाऊ, या मुलखात जमिनीतून काय उगवतंय? जे काय ते दर्यात. खावा!"

काका पडले शाकाहारी. म्हणाले, "वहिनी, मासा आज इथे, उद्या तिथे. तो इथला रहिवासी नव्हे."

"आन् तुमी? तुमचा अकामा नोकरी हाय तवर. नोकरी गेली की तुमीपन मासाच!"

काकू इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. काका मात्र हसले नाहीत. कंपनीने त्यांना त्याच आठवड्यात निवृत्तीचं कळवलं होतं, हे आम्हाला नंतर समजलं. अकामा म्हणजे इथे राहण्याचा परवाना. तो नोकरीबरोबर संपतो. अर्धं आयुष्य ज्या जागेला आपलं म्हणायला शिकले, तिथून त्यांना निघायचं होतं.

जायच्या आदल्या दिवशी ते एक कुंडी घेऊन आमच्याकडे आले. तिच्यात अरफज होतं, इथल्या वाळवंटातलं काटक झुडूप. मी म्हटलं, "घेऊन जा की, तेवढीच आठवण."

"छे! नाशिकचा पाऊस त्याला सोसायचा नाही." कुंडी माझ्या हातात देत म्हणाले, "मला सोसतो का, बघू."

कुंडी आता आमच्या बाल्कनीत आहे. या वर्षी तिला बारीक पिवळी फुलं आली, आणि बघायला वरून कुणी धावत आलं नाही. परवा फोनवर मी तुम्हाला विचारलं, "तुमच्या नळाला पाणी कुठून येतं रे?" तुम्ही दोघं खूप हसलात. हसा, पण शोधून ठेवा. मला काकांना कळवायचं आहे.