पाच परदेशी पाहुण्यांचे फॉर्म

चिपळूणहून निघालो त्या सकाळी माझ्या हातात चार पानी यादी होती. कुठल्या बॅगेत काय, लोणचं किती पिशव्यांत गुंडाळलंय, यांच्या हॉस्पिटलमधल्या नोकरीची पत्रं कुठे. बाबा प्राथमिक शिक्षक. त्यांनी दारातच ती वाचली, लाल पेनाने दोन शब्द सुधारले आणि म्हणाले, "यात परत यायची तारीख राहिली."

"दोन वर्षं," मी म्हणाले. त्याला आता एकोणीस झाली.

चिपळूणला राहिलेल्यांना वाटतं, मी ब्रिटनमधल्या कार्डिफमध्ये राहून युरोपभर हिंडते. युरोप मला भेटला तो कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या ऑफिसात, फायलींच्या रूपात. मी पर्यटन विभागात आहे. कालव्याकाठची पायवाट आणि तिथलं छोटं व्हिजिटर सेंटर आम्ही युरोपच्या निधीतून उभं केलं. नियमाप्रमाणे त्यांचा निळा फलक प्रत्येक बाकाला लागला. मी तो उत्साहाने किटलीलाही लावला होता, पण माझ्या साहेबाने, गॅरेथने, काढायला लावला.

ब्रेक्झिट झालं, तरी आधी मंजूर झालेल्या कामांना पैसे मिळत होते. आमचा शेवटचा हप्ता अडला. निधीच्या अटीप्रमाणे परदेशातून येऊन इथे मुक्काम केलेल्या पाहुण्यांचे पाच फॉर्म कमी होते, आणि मुदत सोमवारी दुपारी बाराची. हप्ता नाही तर सेंटरचं छप्पर अर्धवट, म्हणजे सेंटर बंद. आणि कार्डिफच्या पावसात परदेशी माणूस पायवाटेवर येतोच कशाला?

बाबा तेव्हा तीन आठवड्यांसाठी पहिल्यांदाच आले होते. गॅरेथ खूश. "तुझे वडील परदेशी, मुक्कामाला. एक फॉर्म तर नक्की."

"स्वतःची नोंद शेवटी," बाबा म्हणाले. "आधी गाव." त्यांनी तीनदा जनगणनेची ड्यूटी केलेली. शनिवारी सकाळी रेनकोट घालून, पुठ्ठ्याला फॉर्म अडकवून ते कालव्याच्या पुलावर उभे राहिले. मी छत्री धरून शेजारी.

पहिलं सापडलं एक डच जोडपं. बाबांचं इंग्रजी शाळेतलं, पण ठणठणीत. त्यांनी बाईंना थेट वय विचारलं.

"बाबा, इथे बायकांना वय विचारत नाहीत."

"रकाना आहे ना? मग विचारायचं. तुमची खानेसुमारी फार नाजूक बुवा."

बाईंनी हसून वय सांगितलं. रात्री कॅम्पर व्हॅनमध्ये झोपलो म्हणाल्या, तर बाबांना व्हॅनचा नंबरही हवा होता. रविवारी संध्याकाळपर्यंत चार फॉर्म झाले, एकही रकाना कोरा नाही. मग घरी चहा घेऊन बाबांनी पाचवा स्वतःचा भरला. मी तपासला. "मुक्काम कुठे?" यापुढे हॉटेल, तंबू, नातेवाइकांकडे आणि स्वतःचं घर असे पर्याय होते. त्यांनी शेवटच्यावर खूण केली होती.

"बाबा, नातेवाइकांकडे."

"नातेवाईक? तू माझी नातेवाईक कधीपासून?"

"अहो, स्वतःचं घर म्हटलं की तुम्ही इथले रहिवासी ठरता. मग तुम्हाला मोजता येत नाही."

"मग नका मोजू. नोंद चुकीची करायची नाही."

एवढी वर्षं दर रविवारी फोनवर माझं घर म्हणजे 'तिकडे' होतं. तिकडे थंडी आहे का, तिकडून कधी येणार. आता एक फॉर्म कमी पडत होता, सेंटर जाणार होतं, आणि तरी मला खूण बदलून घ्यायची नव्हती.

सोमवारी मी उठले तर बाबा घरात नव्हते. नऊ वाजता ते सेंटरवर आले, बरोबर ओल्याचिंब झालेल्या एक स्पॅनिश बाई. पाचवा फॉर्म पूर्ण, वयासकट. पावणेबाराला मी फाइल पाठवली. छप्पर झालं.

आता युरोपचे पैसे नाहीत, लंडनहून येतात, फॉर्म तेवढेच. चिपळूणला जाते तेव्हा शेजारी विचारतात, "किती दिवस पाहुणी?" बाबा आतून ओरडतात, "ती मोजण्यातली नाही." घर कुठलं याचा मी आता हिशोब करत नाही. जिथे मला आणि बाबांना पाहुण्यांत धरत नाहीत, अशा दोन जागा आहेत. बाबांचा फॉर्म मी फेकून दिला नाही. तो सेंटरच्या कपाटात आहे, नियमाप्रमाणे स्थानिक रहिवाशांच्या गठ्ठ्यात.