यमुनाबाई आणि गुणवंताची मूठ

रोज सकाळी पहिलं मूल यायच्या आधी यमुना सोमकुंवर दोन्ही तळहात एकमेकांवर खसाखसा घासायची आणि ते स्वतःच्या मानेला लावून बघायची. मानेनं अंग चोरलं तर पुन्हा घासायची. हात पुरेसे ऊन झाले की मगच दाराची कडी काढायची. गार हात लागला की आखडलेलं मूल आणखी आखडतं, म्हणून ही सवय. उन्हाळ्यात पत्रे तापून खोलीत उभं राहवत नसे, तेव्हाही ती हात घासायचीच. बाहेर ओट्यावर बसलेल्या बाया तो आवाज ऐकून पोरांचे सदरे उतरवायला लागत.

यमुना मूळची बोरगावची. बाप भाऊराव संत्र्याच्या बागांत मजुरी करायचा. त्यानं हट्टानं तिला शिकवलं, नागपूरला धाडलं, आणि अपंग मुलांना व्यायाम देण्याचं शिक्षण घेऊन ती पांढुर्ण्याला आली. एका संस्थेनं बाजाराच्या मागं एक खोली दिली होती. दोन सतरंज्या, भिंतीला धरून चालायचा बांबू, आणि पारा उडालेला आरसा. पोलिओनं पाय गेलेली मुलं यायची. जन्मताना वेळेवर रडली नाहीत म्हणून ज्यांचं अंग पुढं त्यांचं ऐकेना, अशीही यायची.

तिला शिकवलं होतं ते असं, की आखडलेला सांधा धरायचा, ओढायचा आणि धरून ठेवायचा. पोरं किंचाळत. एकानं तिच्या दंडाला असा चावा घेतला होता की त्याची खूण राहिली. शेजारचा शिंपी मशीन थांबवून म्हणायचा, "पांढुर्ण्यात गोटमार वर्षातून एकडाव. बाईच्या खोलीत मात्र रोज."

ओट्यावरच्या बाया हसत. गोटमार तिथं सगळ्यांच्या घरातली. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जांब नदीच्या पात्रात पळसाचं झाड रोवतात, त्याला झेंडा बांधतात. अलीकडून पांढुर्णा, पलीकडून सावरगाव, आणि दिवसभर दोन्ही गावं एकमेकांवर दगड फेकतात. कुणाचं डोकं फुटतं, कुणाचा डोळा जातो, एखाद्या वर्षी कुणी घरी परततच नाही. तक्रार कुणी करत नाही. दगड कुणाचा होता हेही कुणी विचारत नाही.

गुणवंत खोडे पहिल्यांदा आला तो आईच्या, कमलच्या, कडेवर. पाचेक वर्षांचा असेल. उजव्या हाताची मूठ घट्ट, अंगठा आत. नखं तळव्यात रुतून जखम झालेली, तिला वास येत होता. यमुनेनं सदरा काढला. दंडावर खालपर्यंत, एकाखाली एक, भाजल्याचे वण होते.

"कोनं केलं हे?"

"बापूजींनं डाग देल्ले," कमल म्हणाली. बापूजी म्हणजे तिचे सासरे. "पहिल्या डागाले पोट्टं ओरडलं, तं म्हने जीव हाये हातात. म्हनून मंग आनखी देले."

"आन् तुह्या ओठाले काय झालं?"

"मी आडवी आली होती."

ते तिनं भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं. नवरा सुरेश आडत्याकडे कामाला होता. बापापुढं त्याचा शब्द निघत नसे, आणि जो निघत नसे तो घरी येऊन बायकोच्या पाठीवर उमटत असे. कमलचं माहेर सावरगावचं, नदीपलीकडचं. पोराचा हात असा निघाला तेव्हा सासऱ्यानं भर अंगणात म्हटलं होतं, "सावरगावची केली, तं हात बी शत्रूचाच निंगाला."

चार दिवसांनी बापूजी स्वतः आले. एक डोळा मिटलेला, तो गोटमारीनं नेलेला. तरण्या वयात त्यांनी पात्रातलं झाड तोडून झेंडा चंडीमातेच्या देवळात नेला होता आणि अजून गाव त्यांना त्यावरून रामराम घालत असे. ते दारात उभे राहिले, आत आले नाहीत. सतरंजीकडे पाहून घेतलं, मग यमुनेकडे.

"तू भाऊराव सोमकुंवरची पोरगी नं? बोरगावची?"

"हाव जी."

"हे पाह्य बाई. पोळ्यापर्यंत टाइम देतो तुले. मूठ उघडली तं बरं. नाही तं विळा तापवतो. दंडावर नाही आता, तळव्यावर. तळव्यावर बसला का बोटं आपोआप उघडतेत."

"बापूजी, तशानं हात जाईन त्याचा."

"आता कोनता आला हाये?"

त्या दिवसापासून यमुना त्या मुठीसाठी जगली म्हटलं तरी चालेल. ती ओढायची, गुणवंत निळा पडेस्तोवर रडायचा, आणि ओढून उघडलेली बोटं सोडली की विंचवाच्या नांगीसारखी परत आत वळायची. कमल भिंतीकडे तोंड करून बसायची. एकदा म्हणाली, "बाई, तुमचा बी डागच हाये. फक्त दिसत नाही."

आषाढात पत्रक आलं. अशा मुलांसोबत काम करणाऱ्यांसाठी नागपूरची काही मंडळी ते काढत. सायक्लोस्टाइलचे चार गुलाबी कागद, शाई पसरलेली, चित्रं हातानं काढलेली. चामड्याचे पट्टे कुठं स्वस्त मिळतात, शिबिर कधी आहे, संत्र्याच्या पेटीच्या फळ्यांपासून मुलाला बसायला कोपरा कसा करावा, असं सगळं त्यात असायचं. पांढुर्ण्यात हे काम करणारी ती एकटीच. पत्रक आलं की तिला घरी पाहुणे आल्यासारखं वाटायचं. आयांना ती ते आपल्या बोलीत वाचून दाखवी. या वेळी शेवटच्या पानावर आखडलेल्या मुठीबद्दल लिहिलं होतं. ओढू नका. मूल घाबरलं की मूठ घट्ट होते. मुलाला कुशीवर निजवा, गुडघे पोटाशी घ्या, हनुवटी छातीशी, अंग सैल पडू द्या. मग त्याला आवडेल अशी वस्तू हातात द्या, आणि ती सोडण्यात त्याला गंमत वाटेल असं काही करा. हात त्याचा त्यालाच उघडू द्या.

यमुनेनं ते पान वाचलं आणि ती स्वतःच्या हातांकडे पाहत बसली.

चेंडू दिला, लाकडाची सोंगटी दिली, संत्रं दिलं. गुणवंताला कशाचंच काही नव्हतं. मग एके दिवशी दाराला अडकण म्हणून लावलेला दगड घरंगळला आणि घासलेटच्या रिकाम्या डब्यात पडला. ठण्ण! गुणवंत हसला. त्याला हसताना कमलनंही फारसं पाहिलं नव्हतं. यमुनेनं लगेच नदीतला एक गुळगुळीत गोटा धुऊन आणला.

त्यानंतर रोज तेच. पोर कुशीवर, पाठीशी यमुना, पुढ्यात डबा. ती त्याच्या कानाशी काहीबाही बोलत राहायची, शिंप्याची नक्कल करायची. बोटं ढिली पडायची, पुन्हा आवळायची. एका दुपारी अंगठा आपणहून बाहेर आला, बोटं एकेक करून सुटली आणि गोटा डब्यात पडला. कमलनं गोटा उचलला, पदरानं पुसला आणि परत त्याच्या हातात दिला.

यमुनेनं पुढं जे केलं ते दुसऱ्या कुठल्याही गावात चुकीचं ठरलं नसतं. श्रावण चालू होता, पोळा तोंडावर होता, आणि विळ्याची टांगती भीती तिला संपवायची होती. गोटा आणि डबा घेऊन ती खोड्यांच्या घरी गेली. अंगणात पोराला कुशीवर निजवलं आणि म्हणाली, "पाहा बापूजी. तुमचा नातू गोटा सोडते."

ठण्ण झालं. म्हाताऱ्याच्या एका डोळ्यातून पाणी आलं. "पुन्हा," ते म्हणाले. पुन्हा ठण्ण झालं. त्यांनी सुनेला हाक मारली, "कमल, बाईले चहा आन. आपल्या कपात आन." त्या घरात यमुनेच्या समाजातल्या माणसाला आजवर वेगळी कपबशी होती. ती चहा प्याली, उडत घरी आली. जन्म याच भागातला तिचा. श्रावणात पांढुर्ण्यातल्या म्हाताऱ्याला नातवाच्या हातातला गोटा दाखवणं म्हणजे काय, हे तिला कळायला हवं होतं. पण तिचं लक्ष हातावर होतं. गोट्याकडे तिनं पाहिलंच नव्हतं.

गोटमारीच्या दिवशी ती दार लावून बसायची. दुपारी कमल दारावर आदळली. केस सुटलेले.

"बाई, बापूजी गुणाले खांद्यावर घिऊन नदीत गेले! म्हने पयला गोटा माहा नातू मारन. मी पाय धरले तं ह्यायनं मले लोटून देल्लं."

यमुना चप्पल न घालता धावली.

बाया त्या दिवशी पात्रात उतरत नसत, गच्च्यांवरून पाहत. उतारावरूनच आवाज येऊ लागला. दगडावर दगड पडल्याचा कोरडा, आणि अंगावर पडल्याचा ओला. खाटेवर एकाला वर आणत होते, त्याचा जबडा एका बाजूला लोंबत होता आणि तो माणूस तरीही मुठी उगारून "चंडीमाता की जय" म्हणायचा प्रयत्न करत होता. कुणाच्या तरी फुटलेल्या कपाळावर देवळातली राख चोळत होते. राख भिजून लाल चिखल होत होती. पाण्यात पळस उभा होता, पानं झडलेली, आणि त्याच्याभोवती माणसं कापसासारखी पिंजली जात होती.

पाण्याच्या काठाशी बापूजी होते. खांद्यावर गुणवंत. प्रत्येक आरोळीसरशी पोराचं अंग धनुष्यासारखं ताणलं जात होतं, डोळे पांढरे, तोंडातून लाळ. मूठ गोट्यावर मिटलेली.

"सोड!" म्हातारा ओरडत होता. "सोड रे लेका, मार सावरगाववाल्याले!"

मूठ उघडेना. आजूबाजूची माणसं हसली. म्हाताऱ्यानं पोराला खाली घेतलं, मनगट पकडलं आणि अंगठा मागं पिरगाळला. काडी मोडल्यासारखा बारीक आवाज झाला.

"बापूजी, सोडा त्याले! भेवानं मूठ मिटते त्याची!"

त्यांनी वळून पाहिलं. चेहरा विस्कटला होता. "गोटा सोडते म्हनली होती नं तू? माह्या घरच्या कपात चहा पिऊन खोटं बोलली?" आणि त्यांनी तिच्या कानशिलात लगावली.

यमुनेनं वाकून त्यांच्या मनगटाचा चावा घेतला. दात आत जाईपर्यंत सोडलं नाही. पकड सुटली तशी तिनं पोर ओढलं, त्याचे गुडघे त्याच्या पोटाशी घेतले, डोकं आपल्या छातीत दाबलं, त्याची गाठोड्यासारखी घडी केली आणि त्याच्यावर ओणवी होऊन ती चढ चढू लागली. पहिला दगड खांद्यावर बसला. एक कमरेत बसला, तेव्हा ती गुडघ्यावर आली आणि उठली. मग कानामागं एक बसला. सगळा आवाज एकदम दूर गेला. आपल्याच श्वासाचा तेवढा जवळून येत होता, आणि छातीशी धरलेलं अंग हळूहळू सैल पडत होतं. तिला बरं वाटलं.

घाटाच्या पायरीवर ती बसली. कमलनं पोर घेतलं. त्याचा अंगठा काळानिळा पडून सुजला होता, पण दगड एकही लागला नव्हता. मागून बापूजी आले, मनगटातून रक्त गळत होतं, सोबत सुरेश.

"आन ते पोट्टं इकडं," बापूजी म्हणाले. "आज घरी गेल्यावर पाह्यतो मी त्याच्या हाताकडं."

कमलनं एका हातानं लेकराला धरलं, दुसऱ्या हातानं पायरीवरचा दगड उचलला. "त्याच्या अंगाले पुन्हा लोखंड लागलं नं बापूजी, तं पयला गोटा तुमच्या दुसऱ्या डोळ्यात. सावरगावची हाये मी. नेम चुकत नाही आमचा."

सुरेश पुढं झाला नाही. म्हातारा तिच्याकडे पाहत राहिला, मग यमुनेच्या मानेवरून गळ्यात उतरणाऱ्या रक्ताकडे. मग खाली बसला. खोड्यांच्या घरात त्यानंतर विळा तापला नाही. अंगठा बरा व्हायला वेळ लागला. गुणवंत डब्यात गोटा टाकायला पुन्हा शिकला, पण पुष्कळ उशिरा, आणि आईच्या हाताखाली. गुलाबी पत्रक आता कमलच्या पत्त्यावर येऊ लागलं होतं. शिंप्याचा मुलगा ते तिला वाचून दाखवी.

यमुनेला त्याच दिवशी जीपमधून नागपूरला नेलं. ती वाटेतच गेली. बोरगावहून आलेल्या भाऊरावांनी घाटावर उभं राहून विचारलं, दगड कोनाचा होता? माणसं खाली पाहत राहिली. भाऊरावांना त्यांनी पुन्हा पुन्हा विचारू दिलं, एवढीच गावाची माणुसकी.

जीपमध्ये ठेवताना यमुनेनं डोळे उघडले होते. कमल लेकराला घेऊन शेजारी उभी होती. गुणवंताच्या ओठांवर वाळू आणि लाळ वाळली होती. यमुनेनं ते पाहिलं आणि रोजच्या आवाजात म्हणाली, "तोंड पूस त्याचं, कमल. आन् पानी पाज. चमच्यानं पाज, घाई नोको करू."