मालडब्याचं छप्पर

केज गावात कवळ्या बनवणारे एक काका आहेत. ज्या कानशीने कवळी घासतात, त्याच कानशीने ते जुन्या विलायती खेळणी-संचांच्या खोक्यांतले लाकडी भाग घासून रेल्वेचे तळहाताएवढे मालडबे जोडतात. काम चालू असताना काही विचारलं, की आधी डिंकाचा ब्रश पुसतात, मग नुसतं "हं" म्हणतात.

खोक्यातला जोडणीच्या सूचनांचा इंग्रजी कागद मी वाचून दाखवतो. आमच्या घरातला पहिला पदवीधर मीच, त्यामुळे जरा ऐटीत वाचतो. त्या ऐटीत एकदा एक ओळ सुटली: छप्पर चिकटवण्याआधी आत वजन ठेवा. डबा हलका राहिला आणि वळणावर रुळावरून पडू लागला. तसला संच आता कुठे मिळत नाही. कागद पुन्हा पाहून मी चूक कबूल केली.

शेजारचा टेलर हसला. "कॉलेजात कशाला गेलतास बे? काका, आता मोबाइललाच विचारत जा."

 दोन दिवस खपून काकांनी पात्याने छप्पर सोडवलं आणि आत वजन ठेवलं. एका कोपऱ्याचा टवका उडालाच. मग टेलरच्या देखतच त्यांनी दुसरं खोकं उघडलं आणि कागद माझ्या हातात दिला.

"वाचा सायब. मला घाई न्हाई."