एका बाटलीत दोघींची लस

बायको गेली गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरनं. गावात आमी पोटाचा आजार सांगितला. असलं पुरुषानं बोलायचं नाय, म्हणून मी बोललो नाय.

यंदा नातीच्या शाळेत त्याच आजाराची लस आली. मी मुद्दाम बघायला गेलो. अंगठ्याएवढी बाटली. एवढ्याशा पाण्यानं तसला आजार अडतो कसा?

नर्सबाईंना विचारलं, "आजार होतो पन्नाशीला, नि सुई चौदाव्या वर्षी?"

"बाबा, आजाराचा विषाणू अंगात शिरायच्या आधी द्यावी लागते."

"आमच्या हिला आजारात दिली असती तर?"

"नसता उपयोग झाला."

ऐकून बरं वाटलं, नि वाईटपण.

नात शेवटची उरली, तेव्हा बाई थांबल्या. "एका बाटलीत दोघींची लस असते. तालुक्याला मोजक्याच बाटल्या आल्यात. एकीसाठी फोडली तर अर्धी वाया जाते. अजून एक मुलगी आणा, तीनपर्यंत आहे मी."

"नायतर?"

"पुन्हा कधी येईल, सांगता येत नाही."

नातीच्याच वर्गातल्या शेजारच्या पोरीच्या बापानं संमतीच्या कागदावर सही केली नव्हती, पोरीला आज घरीच ठेवलं होतं. तो दारापुढच्या खळ्यावर पेंढा बांधत होता. मी तिथंच गाठला.

"काय काका, तुमीपण टोचून घेतली का?" तो हसला. "आमच्या पोरीला नको. पुढं मूल होत नाय म्हणतात."

"कोण म्हणतं?"

"लोक."

"लोकांनी बाईंना विचारलं का?"

"बायकांच्या गोष्टीत तुमी कशाला पडता?"

मग मी सगळं सांगितलं. पाळी जाऊन वर्षं झाल्यावर परत रक्त कसं जायला लागलं, वास येतो म्हणून ती अंथरूण पडवीत कशी घालायची, मुरबाडचा डॉक्टर काय म्हणाला. त्याची बायको दारात उभी राहून ऐकत होती.

"काकी मला कधी बोलल्या नाय," ती म्हणाली.

"मलापण उशिरानंच बोलली."

त्यानं हातातला पेंढा खाली ठेवला. म्हणाला, "दुखतं का फार?"

"आजार का सुई?"

"सुई."

"ते पोरीला टोचल्यावर विचार."

त्यानं पोरीला हाक मारली, तिला विचारलं, मग सही केली.

तीनच्या आत पोचलो. बाईंनी बाटली फोडली. आधी माझ्या नातीला टोचलं, मग तिला. दोघींनी तोंडं वाकडी केली नि एकमेकींकडं बघून हसल्या.

शेजारच्या पोरीची आईपण सोबत आली होती, मागंच उभी होती. हळूच म्हणाली, "बाई, आमच्यासारखीनं काय करायचं?"

"तुमच्यासाठी तपासणी असते. शहापूरला सरकारी दवाखान्यात या."

मी दाराकडं निघालो होतो, तो माघारी वळलो. "कसली तपासणी? नीट सांगा."

बाईंनी तिच्याकडं बघितलं. ती म्हणाली, "सांगा. काकांना ऐकू द्या."