वहिनींचा ड्रम आणि माझ्या बादल्या

ही हकिकत मी वीस वर्षं सांगायची टाळली, कारण तिच्यात चोर मीच आहे.

बोरी बुद्रुकला थोरल्या भावाचं आणि माझं टोमॅटोचं वावर एकत्र होतं. खतांचा कारभार माझ्याकडे. (कारभार म्हणजे युरियाची गोणी फोडायची आणि हात सैल सोडायचा.) एका वर्षी वहिनी बचत गटाबरोबर प्रशिक्षणाला गेल्या आणि जिवाणू खताची पाकिटं घेऊन आल्या. मोठ्या ड्रममध्ये पाणी, गूळ आणि पाकिटातली पावडर घालायची, रोज ढवळायचं आणि मग ते पाणी रोपांच्या मुळाशी ओतायचं.

"रासायनिक खत निम्मं पुरंल, भावजी. बाकीचं काम जिवाणू करत्यात."

"आन् त्यांना जेवायला आपल्याकडंच का?" मी विचारलं. भाऊ हसला, म्हणून मी पुन्हा एकदा विचारलं.

भावानं निवाडा केला. निम्मं वावर वहिनींचं, निम्मं माझं. ज्याचा माल सरस, त्याच्या शब्दावर पुढची सगळी लागवड!

महिनाभरात माझी पाचावर धारण बसली. वहिनींची रोपं काळीभोर हिरवी. कुणी नाही असं बघून मी एक उपटलं, तर मुळ्या शेवयांसारख्या पांढऱ्याशुभ्र, हातभर! माझ्या रोपाची मुळं म्हणजे नुकती फुटलेली मिशी.

वहिनी गटाच्या बैठकीला गेल्या, तसं मी ड्रममधल्या चार बादल्या माझ्या सऱ्यांत ओतल्या. ड्रम रिता दिसू नये म्हणून चार बादल्या साधं पाणी भरलं. पुढच्या बैठकीला आठ बादल्या. (गट फार शिस्तीचा, एकही बैठक चुकवायचा नाही!) आता ड्रममधलं पाणी फिकट पडलं. मग चहाची पूड उकळली आणि गडबडीत कढत कढतच ओतली. रंग जमला, पण आंबूस वास गेला. मग घरातलं ताक ओतलं.

"ताक कुठं गेलं?" बायकोनं विचारलं.

"मांजर प्यालं."

"आन् गाडगं इसळून पालथं बी मांजरानंच घातलं?"

तिकडे वहिनी ड्रममध्ये वाकून वास घेत होत्या. "भावजी, ह्याला चहाचा वास का येतोय?"

"लई राबल्यात बिचारे जिवाणू, वैनी. दमले आसतील!"

तोडणीला सगळी गल्ली गोळा झाली. माझ्या बाजूला क्रेटची थप्पी, वहिनींकडे जेमतेम. कुणी तरी मला म्हणालं, "भाऊ, दोन शब्द बोला राव!" मी दोनशे बोललो. शेवटी तर आवाज चढवून म्हणालो, "पाणी ढवळून कुटं टोमॅटो येत आस्त्यात व्हय?" सगळे हसले. वहिनीही हसल्या, पण जरा उशिरा. "माझंच कायतरी चुकलं आसंल," एवढंच म्हणाल्या. संध्याकाळी त्यांनी ड्रम घासला आणि त्यात बाजरी भरून ठेवली.

पुढच्या वर्षी सगळं वावर माझ्या शब्दावर आणि चोरायला ड्रम नाही! जमीन अशी आवळली की कुदळ ठणठण वाजायची. टोमॅटो गोट्यांएवढे. मी दोष रोपवाटिकेला दिला. तो पुरेना, तेव्हा हवेला दिला. वहिनींनी मला एका शब्दानंही टोचलं नाही. टोचलं असतं, तर बरं झालं असतं.

आता गावात घरोघर तेच जिवाणू ठिबकमधून सोडतात. मीही सोडतो. गेल्या महिन्यात मनाचा हिय्या करून माफी मागायलाच वहिनींकडे गेलो. पंचाहत्तरी उलटलेल्या वहिनी ओट्यावर लसूण सोलत बसल्या होत्या.

"भावजी, एक इचारू? आता समद्यांना त्ये लागू पडतंय. मंग त्या साली माझंच काय चुकलं व्हतं?"

माफीला इतकी सरळ वाट कुणी करून दिली नसेल. मी चप्पल काढली, टोपी काढली, घसा खाकरला.

"वैनी, पाणी जरा जास्त झालं आसंल."

अगदी खरं बोललो. कुणी घातलं, तेवढंच सांगायचं राहिलं.