गटाच्या ट्रॉलीतली माझी चार पोती

गेल्या हंगामात गावच्या शेतकरी गटाच्या ट्रॉलीत ओलं सोयाबीन मी घातलं. चार पोती. नकळत नव्हे. पोती शिवण्याआधी एक दाणा दाताखाली धरला होता. वाळलेला दाणा कट्‌कन फुटतो. हा नुसता चेपला. मी तो थुंकून टाकला आणि पोत्यांची तोंडं शिवली.

त्याआधी पंधरा दिवस गावात एकच वाद होता. माल सगळ्यांनी मिळून हमीभावाच्या केंद्रावर घालायचा, की ज्यानं त्यानं व्यापाऱ्याला द्यायचा? केंद्राच्या बाजूनं मी बोलत होतो. एकेकटे गेलो तर व्यापारी म्हणेल तो दर, हे मला मनापासून पटलं होतं, आजही पटतं. विरोधात होते आण्णा. त्यांचं रान आमच्या बांधाला लागून, वयानं माझ्या वडिलांच्या जागी. दूध संस्थेच्या कट्ट्यावर बैठक बसली तेव्हा ते म्हणाले, “व्यापारी दर पाडतोय, मान्य. पर ओलं-सुकं आसल तसं घेतोय तरी की. तुमच्या केंद्रावर एक पोतं ओलं निघालं की सगळी ट्रॉली माघारी. आन्‌ नंबर यीस्तवर टायरात उंदरं पिल्लं घालत्यात.”

“आण्णा, व्यापारी जावई हाय व्हय तुमचा?” मी म्हणालो.

“जावई आसता तर फुकटच न्हेला आसता की!”

कट्टा हसला. शेवटी, गाव जिकडं तिकडं मी, असं म्हणून त्यांनीही माल गटात घातला.

या बैठकांच्या नादात माझं सोयाबीन ताडपत्रीखालीच पडून राहिलं आणि परतीच्या पावसात त्यानं ओल धरली. नीट वाळवा, असं घरोघर सांगत मात्र मीच फिरत होतो. पोती गटानं दिलेली, सगळी सारखी, नाव एकावरही नाही. एवढ्या ढिगात चार कोण बघतंय, असं वाटलं.

केंद्रावर पोत्यांत नळी खुपसून दाणे काढले, यंत्रात घातले. ओल जास्त निघाली. अख्खी ट्रॉली परत फिरली आणि वाटेतच व्यापारी देईल त्या दरानं सगळ्यांचा माल गेला. आण्णा सोबत नव्हते. रिकाम्या ट्रॉलीत कुणीतरी म्हणालं, “आण्णांनीच घातली आसणार. बोललं ते करून दावलं म्हाताऱ्यानं.” मी रस्त्याकडे बघत राहिलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी दूध घालायच्या रांगेत एकानं हाक मारली, “आण्णा, दुधाला फॅट हाय का, का तेबी ओलंच?” लोक हसले. आण्णा हसले नाहीत. मी त्यांच्या मागेच उभा होतो. मला काहीच वाटलं नाही. किटली पुढं केली, दूध घातलं, घरी आलो. पुढच्या आठवड्यापासून त्यांची सून दूध घेऊन येऊ लागली.

बांधावर ते पाण्याच्या पाळीपुरतं बोलत. एकदाच म्हणाले, “माझं सोयाबीन आठ दिवस उन्हात हुतं. तू बघितलंस की रं.”

मी बघितलं होतं. “व्हय,” म्हणालो आणि मोटर चालू करायला गेलो.

यंदा त्याच कट्ट्यावर, त्याच विषयावर पुन्हा बैठक बसली. आण्णा आले, पण कडेला पायरीवर बसले. माल एकत्रच घालायचं ठरत आलं होतं. तेवढ्यात एकजण म्हणाला, “घालू की. फकस्त आण्णांची पोती तांबड्या दोऱ्यानं शिवा. वळखू यायला पायजेत.”

यावेळी कुणी हसलं नाही. आण्णा चप्पल शोधू लागले. मी उभा राहिलो. छातीत धडधड नव्हती, की डोळ्यांत पाणी नव्हतं. आवाज तेवढा बारीक निघाला.

“ती ओली पोती माझी हुती. शिवताना मला म्हाईत हुतं. तांबडा दोरा माझ्या पोत्यांना घाला. आण्णा, चुकलं माझं. तुमचं नाव निघालं तवा मी तितंच हुतो, आन्‌ वरीसभर गप बसलो. मला माफ करा.”