वाळू हटेल तेव्हाच मी हटेन

मंडळी, कालच्या वाळूच्या वादळानंतर आज सकाळी इथे आखातात, रोल्ला भागातला आमचा रस्ता चकाचक होता. झाडलेली सगळी वाळू मात्र फुटपाथच्या उतारावर लोटलेली. माझी व्हीलचेअर चढेचना.

बिल्डिंगचा वॉचमन म्हणाला, "मॅडम, दो दिन घर पे बैठो ना."

मला ऑफिस गाठायचं होतं. मी खुर्ची सरळ रस्त्यातच थांबवली. मागे हॉर्न सुरू झाले. एक पिकअपवाला ओरडला, "यल्ला, हटो!"

"पहले फुटपाथ साफ करो, फिर हटूँगी."

अखेर तोच खाली उतरला. वॉचमनने फावडं आणलं आणि दोघांनी दहा मिनिटांत वाट मोकळी केली.

आता सफाई कंपनीला पत्र लिहायला बसलेय. रस्त्याबरोबरच फुटपाथही साफ झालाच पाहिजे. कोण कोण सही करतंय?